ब्लूबेल डोळ्यांना निळी, फिल्मवर गुलाबी: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत दक्षिण इंग्लंडातल्या बीच आणि ओकच्या जंगलांत ब्लूबेल (घंटेच्या आकाराचं निळं रानफूल) फुलते. लंडनजवळ राहणारा ज्याच्या हातात कॅमेरा आहे तो प्रत्येक जण अ‍ॅशरिजच्या डॉकी वूडला नाहीतर वॉन्स्टेड पार्कच्या शॅले वूडला एक चक्कर मारून येतो. रोल धुऊन, स्कॅन होऊन आले की मेसेज सुरू होतात: "तिथे निळी होती हो फुलं, इथे गुलाबी कशी आली? लॅबने घोळ घातला का?" बेल्जियमच्या हालरबॉस जंगलातून आलेल्यांचंही हेच गाऱ्हाणं. मी स्वतःचे आणि ओळखीपाळखीच्यांचे रंगीत रोल घरीच धुतो, स्कॅन करतो. त्यामुळे ही तक्रार दरवर्षी माझ्या टेबलावर येते, आणि तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच इथे लिहितो. लॅबचा घोळ असतो कधीकधी, पण त्याच्या आधी तपासण्यासारखं बरंच काही आहे आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे पडत नाहीत.

हे सगळं रंगीत फिल्मपुरतं आहे: सी-४१ मध्ये धुतली जाणारी निगेटिव्ह आणि ई-६ मधली स्लाइड (सुलट्या रंगांची पारदर्शक फिल्म). सी-४१ आणि ई-६ ही फिल्म धुण्याच्या पद्धतींची नावं.

लक्षणं

"रंग बिघडले" एवढ्यावरून काही कळत नाही. नेमकं काय बिघडलंय ते आधी पाहा.

- फक्त ब्लूबेल गुलाबी किंवा मळकट जांभळी आली आहे. पानं, खोडं, पांढरी फुलं व्यवस्थित आहेत.
- अख्ख्या फ्रेमवरच गुलाबी किंवा पिवळसर झाक आहे.
- सगळं हिरवट झालंय, फुलं राखाडी पडली आहेत.
- सावल्या मळक्या, दाणेदार. काळं कुठेच नीट काळं नाही.
- एकाच जागेवरून लागोपाठ काढलेल्या दोन फ्रेमचे रंग वेगवेगळे.
- सावल्यांना एक झाक आणि उजेडाच्या भागांना बरोब्बर उलटी झाक.

पहिल्या आणि दुसऱ्या लक्षणात लोक हमखास गोंधळतात, आणि सगळा निकाल तर तिथेच लागतो. त्यासाठी एक फुकटची चाचणी आहे. ब्लूबेलच्या जंगलात बहुतेक वेळा पांढरी फुलंही असतात: ओलसर उतारावर रानलसूण, नाहीतर वूड अ‍ॅनेमनी. स्कॅन मोठा करा आणि त्या पांढऱ्यावर नजर ठेवा. रानलसणीच्या गुच्छातलं एकेक फूल सहा टोकांच्या चांदणीसारखं, स्वच्छ पांढरं असतं. चाचणीला तेच उत्तम. अ‍ॅनेमनी घेतलीत तर पाकळीची आतली बाजू पाहा. तिच्या पाकळ्यांना बाहेरून मुळातच गुलाबी छटा असते आणि ढगाळ हवेत ती मिटून बसते, त्यामुळे मिटलेल्या अ‍ॅनेमनीवरून काढलेला निष्कर्ष चुकतो. बीचचं खोडही राखाडी असतं, पण त्यावर हिरवं शेवाळ इतकं चढलेलं असतं की भरवसा नको. यातलं काहीच फ्रेममध्ये नसेल, तर पुढच्या खेपेला रोलच्या पहिल्या फ्रेममध्ये त्याच उजेडात धरलेलं ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) टिपून ठेवा.

पांढऱ्यावरही तीच गुलाबी झाक असेल तर कारण फिल्टर, स्कॅन किंवा लेन्स, आणि उपाय सोपा. पांढरं शुभ्र आहे, हिरवं हिरवं आहे आणि ब्लूबेल तेवढी गुलाबी आहे, तर तुमचा कॅमेरा ठीक, लॅबही ठीक. तो फिल्मचा स्वभाव आहे. त्यावर काय करता येतं ते पुढे येईलच.

१. फूल कुठलं आहे?

खर्च शून्य. जंगलातली मूळची ब्लूबेल गडद निळ्या-जांभळ्या रंगाची. दांडा टोकाला एका बाजूला झुकलेला, फुलं त्याच बाजूला लोंबणारी, नळी अरुंद, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली, आतले पराग मलईसारखे पांढरट, आणि वास गोड. बागांमधून पसरलेली स्पॅनिश ब्लूबेल ताठ उभी राहते, फुलं दांड्याच्या सगळ्या बाजूंना, रंग फिका, पराग बहुधा निळसर, वास जवळपास नाहीच. या दोघींच्या संकराची झाडंही भरपूर. स्पॅनिश आणि संकरित ब्लूबेलमध्ये खरोखरची गुलाबी आणि पांढरी फुलं सर्रास येतात. घरांच्या कुंपणालगत काढलेला फोटो असेल तर हे आधी पाहा.

आणि हेही लक्षात घ्या की मूळची ब्लूबेलसुद्धा आकाशी निळी नसते. ती निळ्या-जांभळ्याच्या सीमेवरची आहे. इंटरनेटवर जे गडद निळे फोटो फिरतात त्यांत बऱ्याचदा कुणीतरी हात फिरवलेला असतो. तुमच्या स्कॅनची तुलना त्यांच्याशी करत असाल तर इथेच थांबा.

२. लेन्सवर काय चढवलंय?

जुनी लेन्स कुणाकडून आलेली असेल, सेकंड हँड किंवा काकांच्या कपाटातली, तर पुढे एक फिल्टर बसवलेला असतोच. सगळे त्याला "यूव्ही आहे, काचेच्या रक्षणासाठी" म्हणतात. काढा आणि कडेवरचं नाव वाचा. स्कायलाइट १ए किंवा १बी असेल तर काच किंचित गुलाबी असते. ८१ए असेल तर फिकट तपकिरी-पिवळी. फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवला की रंग लगेच दिसतो. खरा यूव्ही जवळपास बिनरंगी असतो, तो राहू द्या.

हे महत्त्वाचं का, तर सावलीतला निळेपणा मारण्यासाठीच हे फिल्टर बनवलेत. निसर्गचित्रं काढणाऱ्यांना सावलीत ८१ए लावायची सवय असते, आणि खोडं, दगड, चेहरे यांना ते शोभतंही. पण इथे तुम्हाला जो निळा रंग हवा आहे, त्यातलाच वाटा तो फिल्टर खातो. ब्लूबेलसाठी गरम झाकेचा फिल्टर काढून खिशात ठेवायचा, दुसरा विचार नाही.

पोलरायझर फिल्टर मात्र लावा. ओल्या पानांवर आकाशाची चकाकी असते, ती गेली की हिरवा आणि निळा दोन्ही दाट होतात. त्याची किंमत दीड-दोन स्टॉप उजेडाची (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), ते विसरू नका.

३. स्कॅन

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. माझ्याकडे येणाऱ्या "बिघडलेल्या" रोलपैकी बरेचसे निगेटिव्हवर चांगले असतात, मार स्कॅनमध्ये खाल्लेला असतो.

निगेटिव्हवर नारिंगी थर असतो, रंग उलटे असतात. त्यातून चित्र सुलटं करताना "तटस्थ म्हणजे काय" हे कुणीतरी ठरवावं लागतं. लॅबचं मशीन बहुधा ते प्रत्येक फ्रेमसाठी वेगळं ठरवतं. फ्रेममध्ये एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत निळं पसरलेलं असलं की मशीनला वाटतं, ही चुकीची झाक आहे. ते निळं ओढून काढतं आणि फुलं राखाडी-गुलाबी होतात. शेजारच्या फ्रेममध्ये खोडं जास्त असली तर तिथले रंग ठीक येतात. पाचवं लक्षण (एकाच जागेच्या दोन फ्रेम, रंग वेगळे) दिसलं की नव्वद टक्के खटला इथेच निकाली निघाला म्हणा.

खात्री कशी करायची? निगेटिव्ह पांढऱ्या पडद्यासमोर धरा, मोबाइलचा रिकामा पडदाही चालेल. एकाच जागेच्या दोन फ्रेम शेजारी शेजारी पाहा. निगेटिव्हवर त्या सारख्या दिसत असतील आणि स्कॅनमध्ये वेगळ्या, तर दोष स्कॅनचा. स्लाइड असेल तर प्रश्नच नाही, लाइट टेबलवर जे दिसतं तेच खरं. म्हणून ज्याला फिल्म आणि स्कॅन यांतला फरक एकदा नीट समजून घ्यायचा आहे, त्याने एक रोल स्लाइडचा काढावा. महाग आहे, पण शंका फिटते.

लॅबला सांगताना "रंग नीट द्या" असं सांगून भागत नाही. सांगा: ऑटो करेक्शन बंद ठेवा, सगळ्या रोलला एकच सेटिंग लावा, जमलं तर टिफ फाइल (जेपेगसारखी आवळलेली नसलेली) द्या. फाइल फिकी, निर्जीव येईल. घाबरू नका, तीच हवी आहे.

घरी स्कॅन करत असाल तर दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवरून नारिंगी थराची किंमत ठरवा, एक्स्पोजर लॉक करा, ग्रे कार्डच्या फ्रेमवर रंग जुळवा आणि तीच सेटिंग पूर्ण रोलला लावा. एवढं करून पांढरं पांढरं आलं आणि ब्लूबेल अजूनही गुलाबीच राहिली, तर जांभळा आणि मजेंटा (गडद गुलाबी-जांभळा) एवढेच रंग निवडून त्यांची छटा निळ्याकडे थोडी सरकवा. थोडीच. जास्त सरकवली की फुलांच्या दांड्यांभोवती निळी किनार दिसायला लागते आणि बीचच्या खोडांच्या सावल्याही निळ्या पडतात.

४. उजेड कसला होता?

हा मुद्दा कळायला फुलं गुलाबी का होतात ते आधी कळायला हवं.

आपल्या डोळ्याला लाल रंगाच्या शेवटच्या टोकाचं फारसं काही दिसत नाही. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढे डोळ्याची संवेदनशीलता झपाट्याने उतरते आणि ७०० च्या आसपास जवळजवळ संपते. रंगीत फिल्मचा लाल टिपणारा थर मात्र ६५० च्या आसपास चांगलाच जागा असतो, आणि डोळा जिथे आळसावतो त्याच्या थोडं पुढेपर्यंत टिपत राहतो. आता ब्लूबेलची पाकळी निळा प्रकाश परत पाठवते, हिरवा-पिवळा शोषून घेते, आणि लालच्या त्या शेवटच्या टोकाला पुन्हा भरपूर प्रकाश परत पाठवते. आपला डोळा हा शेवटचा वाटा हिशेबातच धरत नाही, म्हणून फूल निळं दिसतं. फिल्म तो प्रामाणिकपणे नोंदवते. निळ्यात लाल मिसळला की जांभळा-गुलाबी होणारच.

छायाचित्रकार याला अ‍ॅजरेटम इफेक्ट म्हणतात, कारण निळ्या अ‍ॅजरेटमच्या फुलांवर तो ठळक दिसतो. 'हेवनली ब्लू' जातीच्या मॉर्निंग ग्लोरीवरही दिसतो. तेव्हा पुण्यातल्या गॅलरीतली निळी फुलं फिल्मवर गुलाबी आली म्हणून कुणी विचारलं तर उत्तर हेच.

आता उजेडाचं बघा. सकाळी सहाला, धुक्यातून तिरपं कोवळं ऊन येतं, त्यासाठी लोक डॉकी वूडला अंधारात पोचतात. ते ऊन तांबूस असतं, म्हणजे त्यात निळा कमी आणि लाल टोकाचा हिस्सा जास्त. त्या उन्हात ब्लूबेल फिल्मवर सगळ्यात गुलाबी येते. ढगाळ हवेत, किंवा ऊन फुलांवर पडण्याआधीच्या सावलीत, उजेडात निळ्याचं प्रमाण जास्त असतं आणि फुलं निळ्याच्या जवळ राहतात. तेव्हा ठरवून जा: सोनेरी किरणं हवीत की निळी फुलं? दोन्ही एका फ्रेममध्ये मागायची आणि मग फिल्मला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. इंग्लंडात ढगाळ दिवसाची वाट फार बघावी लागत नाही, एवढी एक सोय आहे.

तिसरं लक्षण, सगळं हिरवट, हे हंगामाशी बांधलेलं आहे. ब्लूबेल फुलते तेव्हा बीचची पालवी नुकती फुटत असते आणि जमिनीवर पांढरा उजेड येतो. मेच्या मध्यापर्यंत वरचं छप्पर बंद होतं, आणि खाली पोचतो तो पानांतून गाळलेला हिरवा उजेड. त्यात फुलाला परत पाठवायला निळं उरतच नाही, म्हणून ते राखाडी पडतं. हिरव्यावर उतारा म्हणून मजेंटा फिल्टर सुचवला जातो. पांढऱ्या फुलांच्या जंगलात चालेल, ब्लूबेलवर लावलात तर ती आणखी गुलाबी होते. त्यापेक्षा आठवडाभर आधी जा, किंवा जिथे झाड पडून वर आकाश मोकळं झालंय तिथे उभे राहा.

फुलांत शिरून आडवं पडून फोटो काढायची गरज नाही. तुडवलेली पानं पुन्हा उभी राहत नाहीत, आणि बी रुजल्यापासून फूल यायला पाचेक वर्षं तरी लागतात. १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याखाली जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय जंगली ब्लूबेल उपटणं हा गुन्हाही आहे. पायवाटेवर उभं राहून १०० ते २०० मिलिमीटरची लेन्स लावा. फुलांमधल्या मोकळ्या जागा एकमेकींवर सरकतात आणि निळा रंग आपोआप दाट दिसतो.

५. एक्स्पोजर, मीटर आणि बॅटरी

मळक्या, दाणेदार सावल्या म्हणजे निगेटिव्हला उजेड कमी पडला. खोडांच्या मधून दिसणारे आकाशाचे तुकडे फार उजळ असतात. जुन्या कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर त्यांना भुलतो आणि शटर लवकर मिटवतो. मग स्कॅनर ती फिकट निगेटिव्ह ओढून उजळ करतो, आणि दाण्याबरोबर रंगही घसरतात. मीटर घेताना कॅमेरा खाली वळवा, आकाश फ्रेमबाहेर ठेवा, हिरव्या पानांवर मोजा. निगेटिव्ह फिल्मला एक स्टॉप जास्त दिला तर ती कुरकुर करत नाही. ४०० संवेदनशीलतेची पोर्ट्रा (कोडॅकची निगेटिव्ह फिल्म) मी जंगलात मीटरवर २०० लावून वापरतो. स्लाइडला ही चैन नाही. तिथे रानलसणीच्या पांढऱ्यावर मोजून दीड स्टॉप जास्त द्या, पांढऱ्यात तपशील राहतो.

तरीही रोलच्या रोल फिकट येत असतील तर तळाचं झाकण उघडून सेल पाहा. साठ-सत्तरच्या दशकातले पुष्कळ कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे (पीएक्स६२५). ते सेल आता बंद झालेत. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन टाकला की अनेक कॅमेऱ्यांचा मीटर उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणजे फिल्मला कमी मिळतो. शिवाय अल्कलाइनचा दाब वापरासोबत उतरत जातो, त्यामुळे चूकही रोज वेगळी. झिंक-एअर सेल घाला. किंमत किरकोळ. पडताळा घ्यायचा तर भर दुपारच्या स्वच्छ उन्हात १०० च्या फिल्मसाठी मीटरने एफ/१६ या छिद्राला १/१०० सेकंदाच्या आसपास शटर दाखवायला हवं.

एकेका फुलाच्या जवळ जाताना बेलोज किंवा रिंग (लेन्स फिल्मपासून लांब नेणारा जोड) लावली असेल तर उजेड कमी होतो. फूल फिल्मवर त्याच्या खऱ्या आकाराचं येत असेल, तर दोन स्टॉप. लेन्समधून मोजणारा मीटर हे सांभाळून घेतो, हातातला मीटर किंवा मोबाइलचं अ‍ॅप नाही.

फुलं हललेली असतील तर तो वारा. ४०० ची फिल्म आणि १/१२५ च्या वरचं शटर, विषय संपला.

६. फिल्म कुठून आली, कुठे राहिली?

डब्यावरची तारीख पाहा. मुदत संपलेली किंवा उन्हात गाडीत राहिलेली फिल्म रंगांचा तोल घालवते, आणि तिचे तिन्ही थर सारखे म्हातारे होत नाहीत. म्हणून सावलीत एक झाक, उजेडात दुसरी. ती स्कॅनमध्ये पूर्ण निघत नाही. भारतातून उन्हाळ्यात फिल्म घेऊन येणाऱ्यांनी हे विशेष पाहावं. फ्रिजमध्ये ठेवलेला रोल बाहेर काढल्यावर तास-दीड तास डब्यातच राहू द्या, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

विमानतळावरची नवी सीटी (एक्स-रे) मशीन हा दुसरा संशयित. हातातल्या सामानासाठीसुद्धा आता ती बसवली जातात आणि न धुतलेल्या फिल्मवर धुकट थर चढवतात. तो सावल्यांत आधी दिसतो. रोल पारदर्शक पिशवीत काढून ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. चेक-इन सामानात तर कधीच टाकू नका.

फुजीची वेल्विया ५० स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. जंगलात एफ/१६, वर पोलरायझर, म्हणजे शटर सहज चार-आठ सेकंदांवर जातं. वेल्विया एका सेकंदापर्यंतच सरळ वागते. चार सेकंदांना फुजी १/३ स्टॉप जास्त आणि ५एम मजेंटा फिल्टर सांगते, आठला अर्धा स्टॉप आणि ७.५एम. फिल्टर न लावावा तर हिरवट झाक, लावावा तर ब्लूबेल गुलाबी. फुजीच्याच प्रोविया १००एफ स्लाइडला १२८ सेकंदांपर्यंत कसलीच दुरुस्ती लागत नाही. अंधाऱ्या जंगलात ब्लूबेलसाठी वेल्विया नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा जांभळ्याकडे ओढाही जास्त आहे.

७. लेन्स पिवळी पडली आहे का?

सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ/१.४ सारख्या काही जुन्या लेन्समध्ये थोरियम मिसळलेली काच असते. वर्षानुवर्षांत ती चहाच्या रंगाची होते. लेन्स काढून, छिद्र पूर्ण उघडून, पांढऱ्या कागदावर धरा. कागद पिवळा दिसला तर तुम्ही नकळत पिवळा फिल्टर लावून निळी फुलं टिपत आहात. यूव्ही दिव्याखाली किंवा खिडकीतल्या उन्हात काही दिवस ते काही आठवडे ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. उन्हात ठेवताना मागच्या बाजूला फॉइल लावा, भिंग आहे ते, काहीतरी पेटवून बसाल. ही काच किंचित किरणोत्सारी असते. वापरायला हरकत नाही, पण खोलू किंवा घासू नका.

८. धुण्यात चूक झाली का?

लॅबवर आळ घेण्याआधी फिल्मची कड वाचा. तिथले आकडे आणि नाव कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. कड ठळक आणि फ्रेम फिकट, तर चूक एक्स्पोजरची. कडही फिकट, तर डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) कमी पडला. लॅबशी वाद घालायच्या आधी हा एक पुरावा पुरतो, आणि निम्म्या वेळा तो आपल्याच विरुद्ध जातो.

घरी धुणाऱ्यांनी सी-४१ चा डेव्हलपर ३७.८ अंशांवर आणि ३ मिनिटं १५ सेकंदांवर धरून ठेवायचा. अर्ध्या अंशाची ढिलाईसुद्धा रंगांत दिसू शकते. भांडं पाण्याच्या अंघोळीत ठेवा आणि थर्मामीटर भांड्याच्या आत बुडवा, बाहेरच्या पाण्यात नव्हे. चित्र मळकं, रंग उतरलेले, दाणे जाड, असं दिसत असेल तर ब्लीच (फिल्मवरची चांदी काढण्यासाठीचं रसायन) थकलेलं असू शकतं आणि फिल्मवर चांदी राहिलेली असते. हा एकच दोष मागाहून पूर्ण सुधारतो. ताजं ब्लीच, मग फिक्सर, मग धुणं. उजेडात केलं तरी चालतं.

एवढ्यावर थांबा

पांढरं पांढरं, हिरवं हिरवं, कड ठळक, फिल्टर काढलेला, उजेड ढगाळ, आणि तरीही ब्लूबेल थोडी जांभळट. हा फिल्मचा स्वभाव. आता पैसे घालू नका. इन्फ्रारेड कट फिल्टर सुचवला जातो, पण तो साधारण ७०० च्या पुढचं कापतो आणि आपली अडचण त्याच्या अलीकडची आहे. फिकट सायन (निळा-हिरवा) फिल्टरने स्लाइडवर फुलं जरा निळी होतात, पण हिरवा रंग थंड पडतो. निगेटिव्हवर तर स्कॅन जुळवताना त्याचा परिणाम पुन्हा पुसला जातो. दुसरी फिल्म मात्र जरूर करून पाहा, कारण प्रत्येकीचा लाल थर थोडा वेगळा असतो. एकच जागा, एकच तास, दोन फिल्म. मला स्लाइडमध्ये एक्टाक्रोम ई१०० आणि निगेटिव्हमध्ये पोर्ट्रा १६० बऱ्या वाटतात. एक्टार १०० वर फुलं भडक येतात.

दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ कधी? सेल बदलूनही मीटर भर उन्हात दोन स्टॉप चुकत असेल तेव्हा. स्लाइडवर एकाच मोजमापाच्या फ्रेम वेगवेगळ्या वेगांना कमीजास्त येत असतील तर शटर मंद झालंय, आणि ते यंत्रावर मोजूनच जुळवावं लागतं. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी किंवा दुधी थर दिसला तेव्हाही. यातलं काहीही स्क्रू ड्रायव्हरने घरी करायचं नाही. अंगचा फ्लॅश असलेला कॅमेरा तर अजिबात उघडू नका, त्याच्या कपॅसिटरचा झटका बॅटरी काढल्यावरही बसतो.

आणि ताजी फिल्म, बरोबर एक्स्पोजर, तरीही सावलीत एक झाक आणि उजेडात उलटी, असं एकाच लॅबच्या दोन रोलवर आलं, तर त्यांना कंट्रोल स्ट्रिपची (धुण्याची रसायनं तपासायच्या ठरावीक फिल्मपट्टीची) नोंद विचारा. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढचा रोल दुसरीकडे द्या. कुठेही गेलात तरी बरोबर मूळ निगेटिव्ह न्या, न कापलेली असेल तर उत्तम. मोबाइलवरचा स्कॅन पाहून कुठलाही जाणकार काही सांगू शकत नाही.